आधी उघड

१९९९ सालचा डिसेंबर. अठरा तारीख, शनिवार. कडक हिवाळा, पहाटेची ओहोटी, वारा ईशान्येचा. माझ्या मालकाच्या डोक्यावर सत्तेचाळीस वर्षांचं एक देणं होतं. ते फेडायला त्याने त्या सकाळी मला इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या, वॉश उपसागराच्या खाजणात नेलं.

मी दुनळी बंदूक बोलतेय. बारा बोअरची, बाहेरून घोडे असलेली, वय त्र्याण्णव. मला फार बोलायची सवय नाही. दोनदा बोलायचं आणि मग कोणीतरी उघडेपर्यंत गप्प राहायचं, अशीच माझी घडण आहे. आता थकले आहे, तेव्हा एकदाच सगळं सांगते.

माझा जन्म बर्मिंगहॅमचा. एका अंधाऱ्या कारखान्यात लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या तापवून पिळल्या, तो पीळ एका सळईभोवती गुंडाळला आणि हातोड्याने एकजीव केला. अशा माझ्या दोन नळ्या झाल्या. अजूनही त्यांच्यावर तो पीळ दिसतो, भिजलेल्या वाळूवर लाटांच्या रेघा उठतात तसा. मग मला परीक्षेला नेलं. दोरीने बांधलं, दुप्पट दारू भरली आणि माणसं भिंतीआड उभी राहिली. मी फुटले नाही. माझ्या अंगावर शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला अजून अभिमान आहे, पण शिक्का त्या दिवसाचा असतो. पुढच्या नव्वद वर्षांची हमी तो देत नाही, हे माणसं विसरतात.

पहिला मालक गावचा पाद्री. वर्षातून चार तित्तिर मारायचा आणि माझ्यावर फार तेल ओतायचा. तो गेल्यावर त्याच्या बायकोने मला एमोस थर्टलला दिलं. एमोस छपरांसाठी बोरू कापायचा आणि थंडीत रानबदकं मारून बाजारात न्यायचा. त्याच्याकडे माझं खरं आयुष्य सुरू झालं. चिखल, खारा वारा, बर्फ. तक्रार नाही. मी त्यासाठीच होते.

एमोसचा एक नियम होता. खाजणात पाऊल टाकण्याआधी मला उघडायचं, काडतुसं नसताना डोळ्याला लावायचं आणि दोन्ही नळ्यांतून आभाळ बघायचं. नळीच्या तोंडात बोटभर चिखल किंवा बर्फ अडकला असेल, तर बार पुढे जात नाही, नळी फाडून बाहेर येतो. म्हणून कुठे घसरलं, बसलं, वाकलं, की पुन्हा आभाळ. चर ओलांडायचा तर आधी उघडायचं, काडतुसं काढायची. दुसऱ्याच्या हाती द्यायचं तर उघडी आणि रिकामी द्यायची. देणाऱ्याने आभाळ बघायचं, घेणाऱ्याने पण बघायचं. काडतुसं वेगळी द्यायची. यात कोणी कोणावर संशय घेतला असं होत नसे. त्या गावात माणसं हातात हात द्यायच्या आधी बंदूक उघडत.

एमोसचा मुलगा रूबेन. तोच माझा मालक, आता ऐंशी वर्षांचा. त्याला नियम पाठ होते, पण घाई फार.

१९५२ सालचा जानेवारी होता. रूबेन आणि त्याचा मित्र क्लेम हेलॉक असे दोघे खाजणात होते. दाट धुकं पडलं होतं आणि भरती लागली होती. परत फिरायला हवं होतं. तेवढ्यात चराच्या पलीकडे अगदी खालून उडणाऱ्या हंसांचा आवाज आला. रूबेनने मला भरलेलंच ठेवलं आणि चरावरून उडी मारली. उडी तोकडी पडली. तो कमरेपर्यंत गाळात गेला, आणि चरात पाणी वर चढू लागलं.

मला त्याने डोक्यावर धरलं होतं. मग त्याने माझ्या नळ्या क्लेमकडे केल्या आणि ओरडला, "धर! ओढ!"

क्लेम काठावर पालथा पडला होता. माझी दोन्ही तोंडं त्याच्या छातीसमोर होती. घोडे चढवलेले होते.

"उघड!" क्लेम म्हणाला.

"अरे, पाणी आलंय!"

"दिसतंय मला. आधी उघड."

तो ओरडला नाही. चहात साखर घाल म्हणावं, तसा म्हणाला. रूबेनने मला उघडलं. काडतुसं पाण्यात पडली. मग क्लेमने स्वतःची बंदूक बाजूला काठावर ठेवली, माझ्या नळ्या दोन्ही हातांनी धरल्या आणि ओढायला लागला.

त्याची बंदूक त्याच्या बापाची होती. बाप पहिल्या महायुद्धातून परत आला तेव्हा त्याने घेतलेली. काठ ढासळत होता. मातीबरोबर ती बंदूक बोटाबोटाने चराकडे सरकत होती. क्लेमने ते पाहिलं. एक हात सोडला असता, तर ती त्याला मिळाली असती. त्याने हात सोडला नाही. ती आवाज न करता पाण्यात गेली. माझा मालक वर आला.

पुढच्या तीन ओहोट्यांना दोघांनी फावडी घेऊन चर उपसला. काही सापडलं नाही. तिथला गाळ घेतलेलं परत देत नाही.

चौथ्या दिवशी रूबेन मला घेऊन क्लेमच्या दारात उभा राहिला.

"ही घे," तो म्हणाला.

"कशाला?"

"तुझी माझ्यामुळे गेली."

"मी काय बंदुकीसाठी ओढलं तुला?"

"मग मी काय करू?"

"घरी जा. आणि पुढच्या वेळी आधी उघड."

दार लागलं. रूबेन बराच वेळ पायरीवर उभा होता. त्याने दिलं असतं ते मनापासून दिलं असतं. पण फेड म्हणून कोणाकडून काही घ्यायचं, हे हेलॉकांच्या रक्तात नव्हतं. आणि घेतलेलं विसरायचं, हे थर्टलांच्या नव्हतं. दोघांच्या हट्टात मी सापडले.

क्लेमने पुन्हा बंदूक घेतली नाही. पण खाजणात यायचं सोडलं नाही. सत्तेचाळीस हिवाळे तो रिकाम्या हाताने रूबेनबरोबर आला. कुत्रा सांभाळायचा, पडलेलं बदक आणायचा, भरतीची वेळ बघायचा. गुत्त्यातली माणसं चिडवायची.

"काय क्लेम, शिकारीला जातोस की हवा खायला?"

"रूबेनला घरचा रस्ता सापडत नाही," क्लेम म्हणायचा.

रूबेन हसायचा नाही. प्रत्येक चरापाशी थांबायचा, मला उघडायचा, काडतुसं काढून खिशात टाकायचा आणि मगच पाय उचलायचा. आणि हे करताना क्लेमकडे बघायचा. क्लेम दुसरीकडे बघायचा. एवढंच त्यांचं त्या विषयावरचं बोलणं.

मग १९९९ साल आलं. त्या सप्टेंबरपासून खाजणात शिशाचे छर्रे बंद झाले. सांडलेलं शिसं बदकं खडे समजून गिळतात आणि खंगून मरतात, असं सरकारने सांगितलं. मला त्यात नवल वाटलं नाही. माझ्या दोन तोंडांतून किती शिसं त्या चिखलात गेलं, ते मी कधी मोजलं नाही. जे पक्षी आम्ही मारायचो ते रूबेनच्या हाताला लागायचे. जे नंतर बोरूत जाऊन मेले, त्यांना कोणी उचललं नाही. नियम बरोबर होता. पण त्यामुळे माझ्यासारख्यांचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला. शिशाऐवजी दुकानात आले ते पोलादाचे छर्रे. ते कठीण असतात. माझी नळी मऊ आहे.

रूबेन मला शहरात ऑर्मकडे घेऊन गेला. ऑर्म बंदुका दुरुस्त करणारा, बाप-आजाही तेच करायचे. त्याने दस्ता सुटा केला, नळ्यांत दिवा धरला, आतून-बाहेरून मापं घेतली. 

"जगेल का?" रूबेनने विचारलं.

"जगेल. पण हिच्या वयाला साजेसं वागवावं लागेल. इथे हात लावा. डावी नळी, पुढच्या लाकडाच्या टोकाशी. अंगठ्याच्या नखाएवढीच जाडी उरली आहे. आणि बार काढताना डावा हात नेमका इथे असतो."

रूबेनने बोट फिरवलं. त्याला दिसत नव्हतं. त्या उन्हाळ्यापासून त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध काळा डाग होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही.

"आणखी एक," ऑर्म म्हणाला. "हिची काडतुसाची घरं अडीच इंची. हल्लीची काडतुसं तीन इंचीपर्यंत येतात. ती हिच्यात बसतात. तोच घात आहे. भरलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं, म्हणून ते आखूड असतं. बार उडाला की ते तोंड पुढे उलगडतं, आणि हिच्यात त्याला जागाच नाही. सगळा दाब मागे अडतो. थर्टलसाहेब, बंदूक मिटली म्हणून काडतूस चालतं, असं समजू नका. त्यावर लिहिलेलं वाचा."

"मला वाचता येत नाही आता."

"मग माझ्याकडचीच वापरा. अडीच इंची, हलका बार, बिस्मथचे छर्रे. शिशासारखाच मऊ धातू आहे. लाल आहेत, दुसरी घेऊच नका."

त्याने मला पुन्हा परीक्षेला पाठवलं. पुन्हा दोरी, पुन्हा भिंत. या खेपेला मी घाबरले होते, हे कबूल करते. मी पास झाले. नवा शिक्का मिळाला, पण त्यासोबत अटी होत्या. म्हातारपण म्हणतात ते हेच असावं.

ऑर्मकडून येताना रूबेन क्लेमच्या घरी थांबला. पिशवीसकट मला टेबलावर ठेवलं.

"तिथे नको, तिथे केक आहे," क्लेमची बायको हिल्डा म्हणाली. "आणि हे काय, विकायला काढलीस?"

"नाही. क्लेम कुठे आहे?"

"मागे, कोबीला शिव्या देतोय. बस." तिने चहा ओतला. मग आवाज खाली केला. "रूबेन, एक विचारू? जिन्याखाली ते पोलादी कपाट आहे ना, बंदुकीचं..."

"कसलं कपाट?"

"म्हणजे तुला माहीत नाही? दर पाच वर्षांनी पोलीस येतो, रिकामं कपाट बघतो, चहा पितो, परवान्यावर सही घेतो आणि जातो. परवान्याचा कायदा आल्यापासून, एकतीस वर्षं चाललंय. मी म्हटलं, त्यात जॅमच्या बरण्या ठेवते. तर म्हणे नको, जागा ओली आहे. पोलादी कपाट, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, आणि म्हणे ओलं!"

रूबेनने कप खाली ठेवला. 

क्लेम आत आला. हाताला माती. त्याने पिशवीकडे बघितलं, हिल्डाकडे बघितलं आणि समजायचं ते समजला.

"फेड म्हणून आणली असशील तर उचल," तो म्हणाला.

"फेड नाही. मला हंस दिसत नाही आता. नुसता ऐकू येतो. मी हिला उडवली तर कुत्रा मरेल."

"कुत्र्याने काय पाप केलंय?"

"तेच म्हणतो. एक सकाळ तू उडव."

क्लेमने हात धुतले. बराच वेळ धुतले.

"एक सकाळ. मग परत न्यायची."

"नेईन. काडतुसं मी आणीन."

एवढंच रूबेन बोलला. डावी नळी, अडीच इंच, ऑर्म काय म्हणाला, यातलं काही सांगितलं नाही. ज्याने आपल्याला 'आधी उघड' म्हणून शिकवलं, त्याला आपण बंदूक कशी वापरायची ते सांगायचं, याची त्याला लाज वाटली. ही त्याची चूक. मी सगळं ऐकलं होतं, पण मला तोंडं असून उपयोग नाही.

आणि तो शनिवार उजाडला.

समुद्राच्या बांधापाशी क्लेमने गाडी थांबवली. मी पिशवीत, गाडीच्या टपावर आडवी. रूबेन बांधाच्या आड लघवीला गेला. ऐंशीव्या वर्षी ते काम लवकर होत नाही. तेवढ्यात टेरी आला, रूबेनच्या बहिणीचा मुलगा. पंचेचाळिशीचा, ट्रॅक्टर विकणारा, मोठ्या आवाजाचा, मनाचा चांगला. त्याच्या खांद्यावर नवी कोरी बंदूक होती.

"क्लेमकाका! तुम्ही! बंदूक घेऊन! आज समुद्र गोठणार!"

"हळू बोल. हंसांना झोपू दे."

"मामांनी काय दिलं भरायला? ऑर्मचं ते भुसकट ना? त्याने चिमणी मरायची नाही. हे घ्या." त्याने क्लेमच्या हातावर दोन काडतुसं ठेवली. काळी, बुडाला लांब पितळ असलेली. "पोलादी. हंस दगडासारखा पडतो."

"हिच्यात बसतील?"

"बाराची आहे ना? मग बसणारच की."

क्लेमने ती खिशात टाकली. का टाकली ते मला माहीत आहे. रूबेनकडून त्याला काडतूसही घ्यायचं नव्हतं.

टेरी पूर्वेकडे गेला. आम्ही तिघे आणि कुत्रा उत्तरेकडे. तिसऱ्या चराच्या अलीकडे बोरूच्या आडोशाला दोघे बसले. पूर्वेला राखाडी रेघ उमटली होती. कुठूनतरी बदकांची शीळ आली.

रूबेनने मला पिशवीतून काढलं, उघडलं, डोळ्याला लावलं. त्याला आभाळ कितपत दिसलं असेल कोण जाणे. तरी त्याने दोन्ही नळ्यांतून पाहिलं. मग मला उघडी, रिकामी क्लेमच्या हातात दिलं.

क्लेमने हातमोजा काढला. त्याचा हात माझ्या नळ्यांवर फिरला, जिथे त्याने मला एकदा धरलं होतं तिथेच. त्यानेही आभाळ पाहिलं. मग तो तसाच बसून राहिला. मला वाटलं हा रडतोय, पण वारा फार होता, खात्रीने सांगत नाही.

आणि हंस आले.

आधी आवाज, मग काळी रांग, समोरून, खालून, सरळ आमच्याकडे. तीस गज उंच. क्लेमचा हात खिशात गेला. दोन काडतुसं माझ्या घरांत पडली. टक्, टक्. त्याने मला मिटलं. मी मिटले, कुरकुर न करता. मी जुन्या कामाची आहे, सांगितलं तसं करते. डावा हात त्याने पुढे सरकवला, नेमका त्या पातळ जागेवर. उजव्या हाताचा अंगठा डाव्या घोड्यावर ठेवला.

रूबेनला हंस दिसत नव्हते. त्याचं तोंड आभाळाकडे होतं, पण कान माझ्याकडे. टक्, टक् ऐकल्यावर त्याने आपल्या खिशात हात घातला. ऑर्मची दोन्ही लाल काडतुसं तिथेच होती. त्याने अजून दिलीच नव्हती.

"उघड," रूबेन म्हणाला.

"अरे, आले डोक्यावर!"

"ऐकू येतंय मला. आधी उघड."

तो ओरडला नाही.

क्लेमचा अंगठा घोड्यावर थांबला. हंस इतके खालून गेले की पंखांची फडफड बोरूत ऐकू आली. असा बार त्याला सत्तेचाळीस वर्षांत मिळाला नव्हता आणि पुढे मिळणारही नव्हता. त्याने माझी तोंडं चिखलाकडे केली आणि मला उघडलं.

काळी काडतुसं त्याने हातावर घेतली. खिशातून चष्मा काढून लावला. उजेडाकडे धरून वाचलं.

"तीन इंच," तो म्हणाला. "पोलाद."

"ती अडीचची आहे. आणि डावी नळी नखाएवढी उरलीय. तुझा हात आहे तिथे."

क्लेमने स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं. बोटं उघडली, मिटली. पाचही होती.

"सांगितलं का नाहीस?"

"तुला काय सांगायचं बंदुकीतलं?"

"गाढवा."

"तू विचारलं का नाहीस?"

क्लेमने काळी काडतुसं खिशात टाकली. हंस दूर गेले होते. पाणी चरात शिरायला लागलं होतं. रूबेनने लाल काडतुसं पुढे केली. क्लेमने ती घेतली आणि वरच्या खिशात ठेवली, पण भरली नाहीत. भरतीची वेळ झाली होती. मला उघडीच हातावर टाकून तो उठला. चरापाशी थांबून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. या वेळी कोणीच नजर वळवली नाही.

टेरीच्या गाडीपाशी क्लेम थांबला आणि ती दोन काळी काडतुसं त्याने टपावर उभी करून ठेवली.

रूबेनने माझी पिशवी उघडून धरली. क्लेमने मला आत घातलं, बंद लावले, पण पिशवी आपल्याच खांद्याला अडकवली.

"कपाट रिकामं आहे," तो म्हणाला.

रूबेनने पिशवीचा पट्टा त्याच्या खांद्यावर नीट केला.

"फिटलं," क्लेम म्हणाला.